धाकट्यांच्या हातांनी

लहान मूल खेळू लागले, की ते नुसता वेळ घालवीत आहे असे मोठ्यांना वाटते. परंतु खरे पाहता ते त्या वेळी कामच करीत असते. मातीची भाकरी, वाळूचा किल्ला, पानांचे ताट ह्या वस्तू त्याच्या दृष्टीने मुळीच खोट्या नसतात. मात्र जे मनात आले, ते हातांनी घडविणे त्याला नेहमी साधतेच असे नाही. अशा वेळी एखादे मोठे भावंड त्याच्याजवळ बसले, तर त्या खेळातून सुंदर हस्तोद्योग उभा राहू शकतो. मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी चार-पाच वर्षांचे भावंड असेल. घरी नसेल, तर शेजारी तरी असेलच. त्याच्याबरोबर करण्यासारख्या तीन सोप्या वस्तूंची माहिती ह्या पाठात दिली आहे. त्या कशा कराव्यात हे समजणे सोपे आहे. त्या धाकट्याच्याच हातून कशा होऊ द्याव्यात, हे शिकणे मात्र त्याहून अवघड आहे.

प्रथम लहान मुलाचा हात कसा असतो, ते पाहू. मोठ्या माणसाच्या प्रत्येक मनगटात आठ लहान हाडे असतात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच हाडाचे रूप येऊ लागलेले असते. उरलेली अद्याप मऊ कूर्चेच्या अवस्थेत असतात. त्याच्या बोटांचे स्नायूही कोवळे असतात. म्हणून ते खडू मुठीत धरते, रेघ वाकडी काढते आणि कागद दुमडताना त्याच्या कडा जुळत नाहीत. हा त्याचा आळस नव्हे किंवा निष्काळजीपणाही नव्हे. माती मळणे, कागद दुमडणे, ठसा दाबणे ह्या क्रियांनी त्या बोटांना बळ व वळण येते; आणि पुढे हीच बोटे लेखणी धरतात.

पहिली वस्तू म्हणजे मातीचा बैल. श्रावण अमावास्येला महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी पोळा साजरा होतो आणि ज्यांच्या दारी बैल नाहीत, अशा अनेक घरांतून मातीच्या बैलांची पूजा होते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवितात. म्हणजे बैल घडविण्याची हौस आपल्याकडे घरोघरी आहेच. ह्या कामासाठी चिकण माती चाळून घ्यावी आणि थोडेथोडे पाणी घालून कणकेसारखी मळावी. माती तयार झाली की नाही, हे पाहण्यासाठी तिची बोटाएवढी वळी करून वाकवावी. वळीला भेगा पडल्या, तर पाणी कमी झाले असे समजावे. माती हाताला चिकटू लागली, तर थोडी कोरडी माती मिसळावी. बैलाचे पाय निराळे करून चिकटवू नयेत, कारण माती वाळताना ते गळून पडतात. गोळ्यातूनच चार पाय, वशिंड आणि मान ओढून काढावी. तयार झालेला बैल उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा. उन्हात वरचा थर लवकर सुकून आक्रसतो, आतील माती मात्र ओलीच राहते आणि त्यामुळे बैलाला तडे जातात.

मळण्याचे काम धाकट्याला फार आवडते. ते त्याच्याकडेच सोपवावे. तुम्ही आपला एक बैल शेजारी बसून सावकाश करावा, म्हणजे तो पाहून शिकेल. त्याच्या बैलाला तीन पाय झाले, तर चौथा आपण लावायला जाऊ नये. “आपल्या अंगणातला बैल कसा उभा राहतो?” एवढेच विचारावे. तो बैल पाहील, आपल्या बैलाकडे पाहील आणि कदाचित चौथा पाय काढीलही. नाही काढला, तर त्याचा बैल तीन पायांचा! तो भिंतीला टेकून उभा करता येतो.

दुसरी वस्तू म्हणजे कागदाचे भिरभिरे. वीतभर लांबीरुंदीचा चौरस कागद घ्यावा. समोरासमोरचे कोपरे जुळवून तो दोनदा दुमडावा आणि उघडावा, म्हणजे दोन्ही कर्ण उमटतात. मध्यभागी एक नाणे ठेवून त्याभोवती वर्तुळ काढावे आणि चारही कोपऱ्यांपासून कर्णावरून वर्तुळापर्यंत कापीत यावे. आता कागदाला आठ टोके झालेली दिसतील. त्यांपैकी एकाआड एक अशी चार टोके मध्याशी आणावीत आणि त्यांतून टाचणी आरपार घालावी. टाचणीच्या मागल्या बाजूस एक मणी ओवावा व मग ती ज्वारीच्या वाळलेल्या ताटात खोचावी. ताटाचा गाभा मऊ असल्याने टाचणी सहज शिरते. मण्यामुळे कागद ताटाला घासत नाही आणि भिरभिरे मोकळे फिरते.

एकाआड एक टोक घेण्याचे कारणही जाणून घ्यावे. तसे केल्याने चारही पाती एकाच दिशेला वळतात आणि वारा त्या सर्वांना एकाच बाजूने ढकलतो. एखादे टोक चुकीचे घेतले, तर ते पाते उलट वळते आणि इतरांच्या गतीला अडविते. हे धाकट्याला आधी सांगण्याची आवश्यकता नाही. त्याने चुकीचे टोक धरले, तर धरू द्यावे. तो भिरभिरे घेऊन अंगणभर धावेल आणि ते का फिरत नाही, असे स्वतःच विचारील. ज्या प्रश्नाचे उत्तर मुलाला खरोखर हवे असते, ते उत्तर त्याच्या कायमचे लक्षात राहते. कात्रीचे व टाचणीचे काम मात्र तुम्हीच करावे आणि टाचणीचे टोक ताटाबाहेर आलेले नाही, हे बोटाने न चाचपता डोळ्यांनी नीट पाहावे.

तिसरी वस्तू सर्वांत सोपी. जून झाल्यामुळे भाजीस न चालणारी एखादी भेंडी आईकडून आडवी कापून घ्यावी. कापलेल्या बाजूला बहुधा पाच पाकळ्यांच्या फुलासारखी आकृती दिसते. एका बशीत गेरू आणि दुसऱ्या बशीत हळद, अशी थोड्या पाण्यात दाटसर कालवावी आणि त्यांत कापडाची ओली घडी ठेवावी. त्या घडीवर भेंडी टेकवून ती कागदावर दाबली, की फूल उमटते. पहिली काही फुले फदफदलेली येतील. रंग किती घ्यावा आणि हात किती दाबावा, हे शब्दांनी सांगून कळत नाही. ते दहा-वीस फुले उमटविल्यावर हातालाच कळते. घरच्या मंडळींना पाठवावयाच्या पत्राच्या कडेला अशी फुले उमटविली, तर आजीला नातवाचा निरोप अक्षरांवाचूनही पोहोचतो.

ह्या कामांत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मणी, चिंचोके, गुंजा, बारीक खडे अशा वस्तू लहान मुले तोंडात, नाकात किंवा कानात घालतात आणि त्यामुळे प्राणावरही बेतू शकते. गुंजेचे बी तर विषारीच असते. म्हणून काम संपल्यावर मणी व टाचण्या मोजून डबीत ठेवाव्यात, मगच जागेवरून उठावे.

लहान मुलांनी हातांनी वस्तू घडविणे हे शिक्षणच आहे, ही गोष्ट जगाला पटावयास पुष्कळ काळ लागला. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल ह्यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि पुढे तिला ‘मुलांचा बगीचा’ अशा अर्थाचे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या आणि माती ही त्यांच्या शिक्षणाची साधने होती. इटलीत डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. मुलाला जे स्वतः करता येते, ते इतरांनी त्याच्यासाठी करू नये, ह्यावर त्यांचा कटाक्ष होता. आपल्याकडे ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी पद्धतीची महाग साधने खेड्यांना परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, खडे, बिया, पाने आणि माती ह्यांतूनच त्यांनी शिक्षणाची साधने तयार केली. पैसा नाही म्हणून मुलांचे हात रिकामे राहू नयेत, ही त्यांची तळमळ होती.

परंतु घरात हात रिकामे राहतात, ते पुष्कळदा पैशाअभावी नव्हे, तर आपल्या घाईमुळे. धाकट्याचा बैल वेडावाकडा दिसतो आणि आपण म्हणतो, “आण इकडे, मी नीट करून देतो.” बैल नीट होतो, घरची माणसे त्याचे कौतुकही करतात, पण तो बैल आता धाकट्याचा राहिलेला नसतो, हे त्याला आपल्याआधी कळते. असे दोन-चार वेळा झाले, की पुढच्या वेळी तो मातीला हातच लावीत नाही. दूर उभा राहून म्हणतो, “तूच कर.” हे दोन शब्द ऐकावयास फार साधे आहेत, पण ज्या मुलाच्या तोंडी ते रुळतात, त्याचा आपल्या हातांवरील विश्वास हळूहळू ओसरू लागतो. मोडलेला बैल पुन्हा घडविता येतो. मोडलेली उमेद पुन्हा जोडणे इतके सोपे नाही.

म्हणून धाकट्याजवळ बसताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एकदा सावकाश करून दाखवावे. मग आपले हात आपल्या मांडीवर ठेवावे. आणि वस्तू झाल्यावर उगाच वाहवा न करता त्याने जे केले, ते नेमके पाहून सांगावे : “ह्याची शिंगे तू किती लांब ओढलीस!” आपले काम कुणी इतक्या बारकाईने पाहिले, हेच त्याला मोठे बक्षीस वाटते. मग कोनाड्यात तुमचा सुबक बैल आणि त्याचा तीन पायांचा बैल शेजारी शेजारी ठेवावेत. घरी आलेल्या पाहुण्याला तो कोणता बैल आधी दाखवितो, ते पाहावे.

स्वाध्याय
१. लहान मुलाची रेघ वाकडी का येते?
२. मातीचा बैल उन्हात का वाळवू नये?
३. भिरभिऱ्याची एकाआड एक टोकेच मध्याशी का आणावयाची?
४. “तूच कर” हे शब्द लेखकाला चिंतेचे का वाटतात?
५. घरातील किंवा शेजारच्या लहान मुलाबरोबर ह्यांपैकी एक वस्तू तयार करा. त्याने कोणकोणती कामे स्वतः केली, ते दहा ओळींत लिहा.