रियुक्यू द्वीपमाला : लाटांनी आणलेले आणि माणसांनी आणलेले

आमच्या भूगोल विभागात आशिया खंडाचा एक जुना भिंती-नकाशा आहे. त्यावर जपानच्या क्यूशू बेटापासून तैवानपर्यंत ठिपक्यांची एक कमान दिसते. नकाशाची घडी नेमकी तिथेच पडत असल्यामुळे निम्मे ठिपके पुसून गेले आहेत. प्रथम वर्षाला असताना सरांनी मला तैवान दाखवायला सांगितले आणि माझी काठी या ठिपक्यांवर जाऊन टेकली. वर्ग हसला. सर मात्र म्हणाले, "ते रियुक्यू. चुकून का होईना, चांगल्या जागी पोचलीस. आता वाचून ये." त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

रियुक्यू द्वीपमाला एक हजार किलोमीटरहून अधिक लांब आहे. उत्तरेला आमामी, मध्ये ओकिनावा, पुढे मियाको, याएयामा आणि अगदी टोकाला योनागुनी. योनागुनीपासून तैवान जेमतेम एकशे दहा किलोमीटरवर आहे. सर्वांत मोठे बेट ओकिनावा. तेही बृहन्मुंबईच्या दुप्पट एवढेच. कर्कवृत्त या बेटांच्या किंचित दक्षिणेकडून जाते, म्हणजे हा प्रदेश उपोष्ण कटिबंधातला. आता गंमत पाहा. ओकिनावाची राजधानी नाहा ज्या अक्षांशावर आहे, जवळपास त्याच अक्षांशावर आपले जैसलमेर आहे. एकीकडे वाळू आणि दुसरीकडे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस, घनदाट अरण्य आणि खाडीच्या तोंडाशी कांदळवन! नुसता अक्षांश पाठ केला की हवामान कळले, असे आपण परीक्षेपुरते समजतो. त्याला हे चांगले उत्तर आहे.

या हिरवाईचे श्रेय मोसमी वाऱ्यांना आहे आणि कुरोशिओ या उष्ण सागरी प्रवाहालाही आहे. कुरोशिओ म्हणजे काळा प्रवाह. त्याच्या पाण्यात सूक्ष्म जीव आणि पोषकद्रव्ये कमी असल्याने ते गडद निळे, जवळजवळ काळे दिसते. तैवान आणि योनागुनी यांच्या मधून तो आत शिरतो व बेटांच्या पश्चिमेने उत्तरेला जातो. त्याच्या उबेमुळे ऐन जानेवारीतही नाहाचे सरासरी तापमान सतरा अंशांच्या आसपास राहते आणि किनाऱ्याला प्रवाळ वाढते. मात्र मरण पावलेल्या प्रवाळाचा खडक म्हणजे चुनखडक, आणि त्यात पाणी ठरत नाही. मियाको बेटावर एवढा पाऊस पडूनही म्हणण्यासारखी नदी नाही. म्हणून तेथे जमिनीच्या पोटात भिंती घालून भूगर्भातील पाणी अडवले आहे. धरण आहे, पण डोळ्यांना दिसत नाही.

मे-जूनमध्ये पावसाळा आणि उन्हाळ्यापासून शरदापर्यंत चक्रीवादळे. यामुळे घर बांधण्याची रीतही वेगळी. घर ठेंगणे, भोवती प्रवाळाच्या दगडांचा गडगा, छपरावर लाल कौले आणि ती उडू नयेत म्हणून चुन्याने पक्की लिंपलेली. कौलांवर मातीचा सिंह बसलेला असतो, त्याला शिसा म्हणतात. तो घरावरची इडापिडा घालवतो. घराच्या चहूबाजूंनी वारा अडवायला फुकुगी नावाच्या झाडांची दाट रांग लावतात. हे फुकुगी आपल्या कोकणातील कोकमाच्याच वंशातले झाड आहे. आपण कोकमाचे सार करतो, त्यांनी फुकुगीच्या सालीपासून कापडाचा पिवळा रंग केला.

प्राणिसृष्टीबद्दल लिहायचे तर वेगळा लेख होईल. ही बेटे एके काळी आशिया खंडाशी जोडलेली होती. नंतर समुद्र मध्ये आला आणि जे प्राणी अडकले ते आपापल्या बेटावर वेगळे होत गेले. इरिओमोते या बेटावर एक रानमांजर आहे. शास्त्राला त्याची ओळख १९६७ साली झाली. साधारण शंभर एवढीच त्यांची संख्या, आणि सारे जग म्हणजे ते एक बेट. मांजर असूनही ते पाण्यात उतरते. बेडूक, सरडे, पक्षी, कोळंबी, जे मिळेल ते खाते. ओकिनावाच्या उत्तरेकडील यान्बारू अरण्यात एक पाणकोंबडीसारखा पक्षी आहे, यान्बारू-कुइना. त्याला उडणे जवळजवळ येत नाही. तो शास्त्रीय ग्रंथांत शिरला १९८१ साली. जमिनीवर शिकार करणारा सस्तन प्राणीच नव्हता, मग उडण्याचा खटाटोप त्याने कशाला करावा?

आणि इथे आपला भारत या कथेत येतो. मला अभिमान वाटावा असा मात्र तो येत नाही. बेटांवर हाबू नावाचा अतिविषारी साप आहे. उसाच्या शेतात काम करणाऱ्यांना त्याचे फार भय. शोझाबुरो वातासे या प्राणिशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने १९१० साली गंगेच्या मुखाकडील प्रदेशातून काही मुंगूस नेऊन ओकिनावावर सोडण्यात आले. मुंगूस सापाला मारतो हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मुंगूस हिंडतो दिवसा आणि हाबू निघतो रात्री! दोघांची गाठ पडायची कशी? मुंगसाला न उडणारे पक्षी आणि त्यांची अंडी आयतीच मिळाली. यान्बारू-कुइना उत्तरेकडे हटत गेला. एवढे होऊनही १९७९ च्या सुमारास आमामी बेटावर पुन्हा सुमारे तीस मुंगूस सोडले गेले आणि त्यांचे हजारो झाले. तेथील काळा ससा जगात त्या दोनच बेटांवर आढळतो, आमामी आणि तोकुनोशिमा. त्याच्यावर संकट आले. पिंजरे, सापळे, शिकवलेली कुत्री असा वर्षानुवर्षे खटाटोप करून २०२४ च्या सप्टेंबरात आमामी मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तीस जनावरे सोडायला एक दिवस पुरला असेल. निस्तरायला पंचेचाळीस वर्षे लागली.

बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट अशी घातक ठरली असे मात्र नाही. उलट रियुक्यूचे सारे वैभवच बाहेरून आणून आपलेसे करण्यात होते. १४२९ साली शो हाशी याने तीन लहान राज्ये एक करून शुरी येथे राजधानी केली. या राज्याची जहाजे चीन, सयाम, मलाक्का, जावापर्यंत जात. चीनहून तीन तारांचे वाद्य आले. त्यावर अजगराचे कातडे चढवून रियुक्यूने त्याचे सान्शिन केले. तेच पुढे जपानात जाऊन मांजराच्या कातड्याचे शामिसेन झाले. रताळ्याची कथा तर मला फार आवडली. १६०५ साली नोगुनी सोकान या माणसाने ते चीनहून आणले. वादळात भात आडवा पडतो, रताळे जमिनीत सुरक्षित राहते. त्यामुळे दुष्काळात माणसे वाचली. तेथून ते दक्षिण जपानातील सात्सुमा प्रांतात गेले. जपानभर त्याला 'सात्सुमाचा कंद' म्हणतात. खुद्द सात्सुमात मात्र 'चीनचा कंद' असे नाव. मूळ कंद अमेरिका खंडातला! आपण तर ते उपवासाला खातो.

माझे आईवडील चोपडा तालुक्यात केळीच्या बागांत मजुरी करतात. म्हणून बाशोफू या कापडाविषयी वाचताना मी थांबलेच. बाशोफू म्हणजे केळीच्या सोपटाचे कापड. यासाठीची केळ वेगळी. तिच्या फळात बियाच बिया, खाण्याच्या उपयोगाची नाही. खोड सोलून थर वेगळे करतात, आतला थर मऊ म्हणून उंची कापडासाठी ठेवतात, राखेच्या पाण्यात उकळतात, बांबूच्या चिमट्याने खरवडून तंतू काढतात आणि एकेक तंतू गाठ मारून दुसऱ्याला जोडतात. एका किमोनोच्या कापडाला सुमारे दोनशे झाडे लागतात. युद्धानंतर ही कला जवळजवळ संपली होती. डास होतात म्हणून अमेरिकन सैन्याने केळी तोडल्या होत्या. किजोका गावच्या तोशिको ताइरा या बाईंनी गावातील विधवांना आणि म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन ती पुन्हा उभी केली. २००० साली जपान सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. २०२२ साली एकशे एक वर्षे वयाच्या असताना त्या वारल्या. हे मी आईला सांगितले तेव्हा तिला खरे वाटले नाही. आमच्याकडे घड उतरला की खोड बांधावर पडते.

युद्धाचा उल्लेख आला, तो टाळता येण्यासारखा नाही. १६०९ साली सात्सुमाने स्वारी करून रियुक्यूला अंकित केले. १८७९ साली जपानने राज्यच खालसा करून त्याचा ओकिनावा हा जिल्हा केला. १ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन फौजा ओकिनावावर उतरल्या. जूनच्या अखेरीपर्यंत दोन लाखांवर माणसे मेली. नागरिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा गेला. दोन मुलींच्या शाळांतील विद्यार्थिनी व शिक्षक अशा २४० जणांना सैन्याच्या गुहेतील इस्पितळात शुश्रूषेसाठी नेले होते. त्यांतील १३६ मेल्या. त्या पथकाला हिमेयुरी म्हणतात. मुली पंधरा ते एकोणीस वर्षांच्या होत्या. मी एकोणीस वर्षांची आहे. छावण्यांत उरलेल्या लोकांनी रिकाम्या डब्यांना हवाई छत्रीचे दोर बांधून सान्शिन केले आणि वाजवले. १९७२ पर्यंत बेटांवर अमेरिकेचा अंमल होता. १५ मे १९७२ रोजी ती जपानला परत मिळाली, पण तळ राहिले. जपानच्या भूमीचा ०.६ टक्के भाग असलेल्या ओकिनावात, केवळ अमेरिकन सैन्यासाठी राखलेल्या जपानमधील जमिनीपैकी सुमारे सत्तर टक्के जमीन आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. १८७९ नंतर शाळा आल्या आणि शाळांत जपानी आली. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून तेथील शाळांत लाकडाची एक पाटी असे, 'होगेन फुदा', म्हणजे बोलीची पाटी. जो मुलगा घरची बोली बोलेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. दुसरा कोणी तसे बोलताना सापडेपर्यंत ती त्याच्याच गळ्यात. म्हणजे आपली सुटका व्हावी म्हणून मित्राच्या तोंडाकडे कान लावून बसायचे! काही ठिकाणी ही पाटी युद्धानंतरही, १९६० नंतरही होती. १९४० साली जपानी लोककलांचे अभ्यासक सोएत्सु यानागी यांनी या सक्तीवर टीका केली तेव्हा मोठा वाद झाला. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, शुद्ध जपानी न येणाऱ्या पोरांना बाहेर हिणवतात, नोकरी मिळत नाही. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण १९४५ च्या एप्रिलात जपानी सैन्याने हुकूम काढला की जो ओकिनावाची भाषा बोलेल तो हेर समजला जाईल. म्हणजे स्वतःच्या बेटावर स्वतःच्या भाषेत बोलणारा हेर!

वास्तविक ती जपानीचा बिघडलेला अवतार नव्हे. दोन्ही एका मूळ भाषेच्या लेकी. जपानीत शब्दाला 'कोतोबा' म्हणतात, ओकिनावात 'कुतुबा'. जपानी 'कोकोरो' म्हणजे मन, तिथे 'कुकुरु'. ओ चा उ, ए चा इ, असा नियमच आहे. नियम असेल तर तिला अशुद्ध कसे म्हणावे?

मी हे कळवळून लिहिते याला कारण आहे. आमच्या घरी अहिराणी बोलतात. पहिलीत असताना मी उभी राहून म्हटले होते, "गुरुजी, मनी पाटी फुटनी." सगळे हसले, आणि 'माझी पाटी फुटली' असे नीट म्हणेपर्यंत मला उभे ठेवले गेले. गळ्यात काही अडकवले नव्हते. पण त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात आपण होऊन बोलले नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिली, आणि ही प्रमाण मराठी मला त्याच शाळेने दिली. तिच्याशिवाय हा लेख तुमच्यापर्यंत आला नसता. म्हणून यानागींशी वाद घालणारे अधिकारी मला संपूर्ण परके वाटत नाहीत. मला पटत नाही ते एवढेच, की एक भाषा शिकवायला दुसरीची लाज का शिकवावी लागते?

युनेस्कोने २००९ साली या द्वीपमालेतील सहा भाषा संकटग्रस्त म्हणून नोंदवल्या. त्यांतील याएयामा आणि योनागुनी या दोन तर अधिक बिकट अवस्थेत. आपापल्या बोलीला तेथील लोक 'शिमाकुतुबा' म्हणतात. शिमा म्हणजे बेट, आणि शिमा म्हणजे आपले गावसुद्धा. २००६ साली जिल्ह्याने कायदा करून १८ सप्टेंबर हा शिमाकुतुबा दिन ठरवला, कारण नऊ, दहा आणि आठ या आकड्यांच्या उच्चारांतून 'कुतुबा' हा शब्द साधतो. भाषणस्पर्धा होतात, वर्ग चालतात. परंतु शिकवायचे कोणी, हा प्रश्न आहे. अस्खलित बोलणारे बहुतेक म्हातारे. मधल्या पिढीला ऐकून कळते पण बोलता येत नाही. आणि पुस्तक करायचे तर कोणत्या बेटाच्या बोलीत? शुरी-नाहाची बोली घेतली तर मियाकोच्या माणसाला ती कळत नाही, आणि मियाकोतही गावागणिक उच्चार बदलतो. शुरीचीच घ्यावी असे काहींना वाटते, कारण ती राजधानीची. यावर मियाकोच्या लोकांचे म्हणणे असे, की मग आमच्यासाठी पाटी बदलली, गळा तोच राहिला.