पाण्यात लागलेला दम : एका अपूर्ण ट्रायथलॉनचा अभ्यास

स्मरणिकेसाठी ट्रायथलॉनच्या अनुभवावर लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. जी स्पर्धा मी पूर्ण करू शकलो नाही, तिच्याविषयी काय लिहावे? परंतु नंतर विचार केला की आपल्या स्मरणिकेत यशस्वी शस्त्रक्रियांच्या कथा पुष्कळ येतात. एखादी फसलेली गोष्टही येण्यास हरकत नसावी. शिवाय या प्रसंगात रुग्ण मीच असल्यामुळे रुग्णाच्या संमतीचाही प्रश्न उद्भवत नाही.

वैद्यकीय व्यवसायाबाहेरील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करणे. 1978 साली हवाई बेटांवर पहिली ‘आयर्नमॅन’ स्पर्धा झाली. तीत पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पूर्ण केली. सन 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉनला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. तेथील अंतरे मात्र बरीच कमी असतात. गोव्यात होते ती ‘आयर्नमॅन 70.3’, म्हणजे मूळ आयर्नमॅनच्या निम्मी. 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे यांची मैलांत बेरीज केली की 70.3 हा आकडा येतो. 20 ऑक्टोबर 2019 रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ती प्रथम झाली. महामारीमुळे दोन वर्षे खंड पडला आणि 2022 पासून ती पुन्हा सुरू झाली.

माझे मूळ गाव पेडणे तालुक्यातील मांद्रे. दवाखाना मात्र गेली चोवीस वर्षे डिचोलीत आहे. शापोरा नदीत पोहायला शिकलो ते वयाच्या सातव्या वर्षी. वडील प्राथमिक शिक्षक होते. 1988 साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. शिवोली-चोपडे पूल तेव्हा नव्हता, फेरी रात्री बंद असे आणि म्हापशास जायचे तर पेडणे-कोलवाळ मार्गे मोठा वळसा घ्यावा लागे. त्या वळशावरच सारे संपले. मी त्या वेळी बारावीत होतो. पन्नाशी ओलांडल्यावर मी व्यायामाच्या मागे लागलो, त्याचे कारण मित्रांना ‘छंद’ असे सांगत असे; खरे कारण ते नव्हते.

सायकलीचा सराव डिचोलीत उत्तम होतो. मये, साखळी, साळ, दोडामार्ग अशा वाटा आहेत. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा या रस्त्यांवरचे खनिजवाहू ट्रक थांबले. अनेकांचे संसार त्याबरोबर थांबले, हे मी रोज दवाखान्यात पाहिले आहे. तरीही पहाटे त्या मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवताना मला आनंद होई, हे कबूल केले पाहिजे. पोहण्याचा सराव पणजीच्या कांपाल येथील तलावात करीत असे. पावसाळ्यात समुद्र वर्ज्य. गणेश चतुर्थी आटोपल्यावर रविवारी सकाळी केरीच्या किनाऱ्यावर उतरू लागलो. स्पर्धा होती 8 ऑक्टोबर 2023 रोजी. म्हणजे समुद्राशी माझी ओळख जेमतेम दोन-तीन रविवारांची. दिवस पितृपक्षाचे. ‘पक्षात नवे काही करू नये रे बाबा,’ असे आई म्हणाली. वडिलांचे पक्ष आठवड्यापूर्वीच झाले होते. तिला मी ‘पणजीला थोडे पोहायचे आहे’ एवढेच सांगितले.

पूर्वतपासणीविषयी सांगतो, कारण खरी चूक तेथूनच सुरू होते. वडिलांचा इतिहास लक्षात घेऊन मी हृदयरोगतज्ज्ञ मित्राकडे ट्रेडमिल चाचणी करून घेतली. ती निर्दोष निघाली आणि मी निर्धास्त झालो. माझी पत्नी भूलतज्ज्ञ आहे. तिने त्या वर्षी तीन वेळा माझा रक्तदाब घरी मोजला होता : 146/92, 150/94, 144/90. प्रत्येक वेळी मी ‘दगदग’, ‘झोप कमी’, ‘आत्ताच जिना चढून आलो’ अशी उत्तरे दिली. हीच उत्तरे माझे रुग्ण देतात तेव्हा मी त्यांना हसून गप्प करतो. ट्रेडमिल चाचणी हृदयाला पुरेसे रक्त मिळते की नाही याचा अंदाज देते. बराच काळ वाढलेल्या रक्तदाबामुळे डावे निलय ताठर झाले आहे की नाही, हे ती सांगत नाही. मी परीक्षा दिली ती भलत्याच विषयाची.

दुसरी चूक पाण्याची. ऑक्टोबरमधील गोव्याचा उकाडा वाचकांना सांगावयास नको. धावण्याच्या टप्प्यात शरीर कोरडे पडेल या धास्तीने मी पहाटे तीनला उठून किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत सुमारे अडीच लिटर पाणी प्यालो. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मी आयुष्यभर इतक्यांना दिला आहे की तो स्वतःला देताना विचार करण्याची गरज वाटली नाही.

मिरामारला थोड्याथोड्या स्पर्धकांना ठरावीक अंतराने पाण्यात सोडतात. पहिले तीनशे मीटर चांगले गेले. त्यानंतर श्वास पुरेना. आजूबाजूला हातपाय मारणारी माणसे, तोंडावर येणारी लाट. यामुळे घाबरगुंडी उडाली असावी असे समजून मी उताणा झालो. एरवी उताणे झाल्यावर श्वास स्थिरावतो. येथे तो वाढला. छातीत दुखत नव्हते, परंतु छातीवर कोणी ओला गोणपाट टाकावा तसे जड वाटत होते. मी जवळच्या कयाकला धरले. पुढे न सरकता कयाकला धरून विसावा घेण्यास नियमानुसार मुभा असते. कयाकवर वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. ‘काका, बरें आसा मरे?’ त्याने विचारले. मी मान हलवली.

त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या मनात वैद्यकीय विचार फारसा नव्हता, हे प्रांजळपणे लिहितो. मनात होते ते घड्याळ. पोहण्यासाठी एक तास दहा मिनिटे मिळतात. किनाऱ्यावर पत्नी आणि मुलगी उभ्या होत्या. डिचोलीच्या बाजारात निम्म्या दुकानदारांना माझी स्पर्धा ठाऊक होती. मी कयाक सोडली आणि पुन्हा पोहू लागलो. जेमतेम पन्नास मीटर गेलो असेन. खोकला सुरू झाला आणि तोंडाला खारट नव्हे, लोखंडासारखी चव आली. तेव्हा हात वर केला. त्या पन्नास मीटरचा विचार आला की आजही मला झोप लागत नाही.

किनाऱ्यावर आणल्यावर ऑक्सिजनचे प्रमाण 87 टक्के होते. वैद्यकीय तंबूत एक तरुण डॉक्टर होती, वयाने माझ्या मुलीएवढी. मी तिला बसल्या बसल्याच निदान सांगून टाकले : नाकातोंडात पाणी गेले आहे, अर्ध्या तासात बरे वाटेल, सायकलीच्या टप्प्याला जाऊ द्या. तिने वाद घातला नाही. मी खोकून तोंड पुसलेला गॉझचा तुकडा तिने माझ्यासमोर उजेडात धरला. त्यावर गुलाबी फेस होता. मग मी गप्प बसलो.

इस्पितळात झालेल्या तपासण्यांचा गोषवारा असा. ईसीजीत तीव्र बदल नाहीत. ट्रोपोनिन किंचित वाढलेले, नंतर उतरले. छातीच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना बी-लाइन्स. इकोत डाव्या निलयाची भिंत थोडी जाड व शिथिलनक्षमता कमी. ऑक्सिजनवर सायंकाळपर्यंत आराम पडला व दुसऱ्या दिवशी छाती मोकळी झाली. पुढे केलेल्या सीटी अँजिओग्राफीत महत्त्वाचा अडथळा आढळला नाही. निदान : पोहण्यामुळे झालेला पल्मनरी इडिमा, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘साइप’.

या विकाराची यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात गेला की पाण्याच्या दाबाने पायांतील व पोटातील सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त छातीकडे सरकते. पाणी थंड असेल तर त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून त्यात आणखी भर पडते. त्यावर पोहण्याचे श्रम. निरोगी हृदय हा वाढीव पुरवठा सामावून घेते. ताठर निलयाला तो सामावता येत नाही. मागचा दाब फुप्फुसांच्या केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, त्यांच्या भिंती ताणल्या जातात आणि द्रव, प्रसंगी रक्तपेशीही, वायुकोशांत उतरतात. म्हणून खोकला, म्हणून गुलाबी फेस. समुद्राचे पाणी श्वासात जाण्याचा याच्याशी संबंध नाही. शत्रू बाहेरून नव्हे, आतून येतो.

वाढलेला रक्तदाब आणि पाण्यात होणारा हा इडिमा यांचा संबंध 1989 साली ब्रिटनमध्ये विल्म्सहर्स्ट व सहकाऱ्यांनी पाणबुड्यांच्या अभ्यासातून दाखवला. मला अधिक अंतर्मुख केले ते 1995 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या इस्रायली अहवालाने. आठ धडधाकट तरुणांनी समुद्रात पोहण्यापूर्वी प्रत्येकी सुमारे पाच लिटर पाणी प्यायले होते. पोहताना त्यांना दम लागला, खोकल्यातून रक्त आले. पाणी थंडगारही नव्हते. तापमान 23 अंश. ते तरुण होते, रक्तदाब नव्हता. केवळ पाण्याचा अतिरेक आणि श्रम पुरले. माझ्यापाशी तर रक्तदाबही होता. अमेरिकेतील ट्रायथलॉनपटूंच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 1.4 टक्के स्पर्धकांनी या विकाराशी जुळणारी लक्षणे सांगितली होती.

याच संदर्भात मृत्यूंचे आकडेही पाहावेत. ‘जामा’त 2010 साली आलेल्या अभ्यासानुसार 2006 ते 2008 या काळात अमेरिकेत झालेल्या ट्रायथलॉन स्पर्धांतील 14 मृत्यूंपैकी 13 पोहताना झाले. 2017 सालच्या ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधील व्यापक आढाव्यात मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या 135 घटनांपैकी 90 पाण्यातल्या होत्या; 85 टक्के व्यक्ती पुरुष आणि सरासरी वय 47 च्या आसपास. प्रमाण लाखात दोनाहूनही कमी आहे, तेव्हा या आकड्यांनी कोणी खेळ सोडू नये. परंतु तीन प्रकारांपैकी सर्वांत कमी वेळाचा टप्पा सर्वांत घातक ठरतो, आणि तोही माझ्याच वयाच्या पुरुषांना, याचा विचार मी नाव नोंदवताना केला नव्हता. मी रात्र रात्र धावण्याच्या वेळापत्रकाची गणिते करीत बसलो होतो.

सहव्यावसायिकांना विनंती अशी की पोहणाऱ्या मध्यमवयीन व्यक्तीला दम लागला तर ‘घाबरला’, ‘पाणी गिळले’ किंवा ‘दमा’ ही तीन सोपी लेबले लावण्यापूर्वी ऑक्सिजन मोजावा, छाती ऐकावी, शक्य तर सोनोग्राफी करावी. पहिला उपचार रुग्णाला पाण्याबाहेर काढून बसते करणे हाच आहे. बहुतेकांना त्यानंतर ऑक्सिजन पुरतो. बरे वाटले म्हणून त्याच दिवशी पुन्हा श्रम करू देऊ नयेत. रक्तदाब व इको तपासल्याखेरीज पुन्हा पाण्यात उतरण्याची परवानगी देऊ नये, कारण हा विकार उलटतो. आणि पाणी तहानेपुरतेच प्यावे. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले होते आणि शर्यतीत वजन वाढण्याइतके पाणी पिणे हे त्यामागचे मोठे कारण होते. ‘भरपूर’ हा शब्द आपण औषधाच्या चिठ्ठीवर लिहिणार नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र सर्रास लिहितो.

मी आता रक्तदाबाची गोळी नियमित घेतो, पत्नीच्या देखरेखीखाली. समुद्रात लांब पोहणे सोडले. हृदयरोगतज्ज्ञ मित्राने सक्त मनाई केली नव्हती. निर्णय त्याने माझ्यावर सोपवला आणि मी तो वडिलांच्या रात्रीचा वळसा आठवून घेतला. 27 ऑक्टोबर 2024 रोजी त्याच स्पर्धेत आम्ही तिघे रिले गटात उतरलो : पुतण्या पोहला, मी सायकल चालवली आणि मुलगी धावली. पुतण्या पाण्याबाहेर येईपर्यंतचा वेळ मला नव्वद किलोमीटरपेक्षा मोठा वाटला. आईला या वेळी सगळे खरे सांगितले होते. तिने फक्त पुतण्याने किती पाणी प्यायले ते विचारले.

दवाखान्यातील केसपेपरवर आता एक जादा प्रश्न छापून घेतला आहे : पाण्यात असताना कधी खोकला येतो का? आजवर दोघांनी होकार दिला. त्यांपैकी एक नदीत छातीभर पाण्यात उभे राहून तिसऱ्या काढणारा, पंचावन्न वर्षांचा गृहस्थ. दमा समजून दोन वर्षे पंप ओढत होता. त्याचा रक्तदाब 170/104 निघाला.