कर्णधार विठ्ठल पालवणकर

इ. स. १९२३ मधील गोष्ट. मुंबईत चौरंगी क्रिकेट सामन्यांची अंतिम झुंज संपली आणि हिंदू संघाने युरोपियन संघावर विजय मिळवला. आनंदाने बेभान झालेल्या लोकांनी विजयी कर्णधाराला खांद्यावर उचलून घेतले. त्या कर्णधाराचे नाव होते विठ्ठल पालवणकर. त्यांचा जन्म चांभार समाजात झाला होता, आणि त्या काळी या समाजास अस्पृश्य लेखीत. ज्याची सावलीही टाळावी असे रूढी सांगत होती, त्याला लोक खांद्यावर मिरवीत होते! हा दिवस उगवण्यासाठी एका कुटुंबाला जवळजवळ तीस वर्षे झगडावे लागले होते.

पालवणकर हे चौघे भाऊ : बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. थोरले बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडिलांच्या लष्करी खात्यातील नोकरीमुळे हे कुटुंब पुण्यास राहू लागले. शिक्षण फारसे न झालेल्या बाळूंनी लहान वयातच युरोपियन लोकांच्या पूना जिमखान्यात काम धरले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, तिला पाणी द्यावे, जाळी बांधावी, हे त्यांचे काम. आणि पगार महिना चार रुपये. सरावासाठी गोलंदाजाची गरज पडे, तेव्हा साहेब लोक बाळूंच्या हाती चेंडू देत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीपुढे भले भले फलंदाज चकत. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल प्रत्येक वेळी त्यांना आठ आणे देई, असे सांगतात. मात्र हजारो चेंडू टाकूनही फलंदाजीसाठी बॅट काही बाळूंच्या हाती कधी दिली गेली नाही.

बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या कानी गेली. युरोपियन संघाला हरवायचे तर असा गोलंदाज हवाच, हे त्यांना उमगले. बाळू संघात आले. पण मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातून इतरांच्या हाती बिनदिक्कत जाई, तो शिवाशिवीच्या बाहेर होता. चहाचा पेला मात्र नव्हता. चहाच्या सुट्टीत बाकीचे खेळाडू आत बसत. बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही निराळे असे. त्यांनी मिळवलेले बळी सर्वांना हवे होते, त्यांची पंगत नको होती.

पुढे बाळू मुंबईस आले. धाकटे भाऊही त्यांच्या पाठोपाठ खेळात नाव काढू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने बाँबे जिमखान्याच्या युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात त्यांच्याच मैदानावर पराभूत केल्याने देशभर आनंद झाला. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचे पराभवच अधिक झाले. परंतु बाळूंनी एकट्याने सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले.

असा खेळाडू कर्णधार होईल, असे कोणासही वाटले असते. मुंबईत तेव्हा धर्मावरून संघ पाडण्याची प्रथा होती. १९१२ पासून हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ दरवर्षी झुंजू लागले; म्हणून त्या सामन्यांना चौरंगी म्हणत. दर वर्षी बाळू हिंदू संघात असत आणि दर वर्षी कर्णधारपद दुसऱ्यास दिले जाई. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी तर आपल्या सत्कारप्रसंगीच सांगितले, की हा मान ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता. पै यांचे मन मोठे होते. निवड समितीचे तेवढे नव्हते.

१९२० साली ही गोष्ट विकोपास गेली. कर्णधार पै आजारी पडले. त्यांची जागा बाळूंना मिळण्याऐवजी त्यांना संघातूनच वगळण्यात आले आणि कर्णधारपद प्राध्यापक दि. ब. देवधर यांना देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून आपली नावे काढून घेतली. जातीमुळे आपल्यावर अन्याय होत आहे, हे त्यांनी पत्रक काढून जगाला सांगितले. हातात बॅट घेऊन आजवर त्यांनी संघाचा मान राखला होता. आता बॅट खाली ठेवून त्यांनी स्वतःचा मान राखला. लोकमत त्यांच्या बाजूने झाले. पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावण्यात आले व बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. एवढाच काय तो त्यांच्या वाट्यास आलेला मान!

बाळूंना जे लाभले नाही, ते विठ्ठल यांना १९२३ साली लाभले. विठ्ठल हे उत्तम फलंदाज होते. ते कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली सवर्ण खेळाडू खेळले. कर्णधार सांगेल तेथे उभे राहणे, तो देईल तेव्हा चेंडू हाती घेणे, हा खेळाचा नियमच आहे. या नियमापुढे जन्माचा उच्चनीचपणा टिकला नाही. त्या वर्षीचा विजय योगायोगाचा नव्हता. विठ्ठल कर्णधार असताना १९२५ आणि १९२६ च्या हंगामांतही हिंदू संघच विजयी ठरला.

तथापि मैदानाच्या सीमारेषेबाहेर काय घडत होते? याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदेमंडळाने एक ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. पण कागदावरील ठरावाने पाणी मिळेना. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. संघाचे नेतृत्व मिळाले, तरी ओंजळभर पाण्यासाठी लढा द्यावाच लागला.

अन्य देशांतही असे घडले आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बेसबॉलच्या प्रमुख संघांची दारे दीर्घकाळ बंद होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी ती उघडली.

४ जुलै १९५५ रोजी बाळू पालवणकर निवर्तले. धर्मावरून संघ पाडणारे ते सामने १९४६ मध्येच बंद पडले होते. एखाद्याच्या गुणांचा उपयोग करून घेणे सोपे असते. त्या गुणांना साजेसे स्थान देणे कठीण असते. पालवणकर बंधूंनी समाजाकडे उपकार मागितला नाही. खेळून जे मिळवले होते, तेच मागितले.

अभ्यास

१. पूना जिमखान्यात बाळू कोणकोणती कामे करीत?
२. ‘त्यांनी मिळवलेले बळी सर्वांना हवे होते, त्यांची पंगत नको होती,’ असे लेखक का म्हणतो?
३. १९२० साली विठ्ठल व शिवराम यांनी संघातून नावे का काढून घेतली? त्याचा परिणाम काय झाला?
४. १९२३ मधील दोन घटना सांगून त्यांतील साम्य व भेद तुमच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : नाव काढणे, विकोपास जाणे, मान राखणे.