यंत्राचे गुण आणि यंत्राचे गुपित

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक एक प्रश्न घेऊन हटकून येतात. "सर, मुलाला लॅपटॉप कोणता घ्यावा?" विचारणारे दुकानात जाऊन आलेले असतात, जाहिराती त्यांनी वाचलेल्या असतात आणि पुतण्याने सांगितलेले आकडेही त्यांना मुखोद्गत असतात. इतकी रॅम, इतक्या इंचांचा पडदा, इतक्या तासांची बॅटरी. हे आकडे खोटे नसतात. परंतु त्यांवरून यंत्र चांगले की वाईट हे कसे ठरवावे, याची कसोटी मात्र कोणाजवळच नसते. अशी एक कसोटी आपल्याच माळव्यात, धारानगरीत, सुमारे एक सहस्र वर्षांपूर्वी लिहिली गेली आहे असे आम्ही म्हटले, तर वाचकांस नवल वाटेल.

परमार वंशातील भोजराजाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेस राज्य केले. तो कवी होता, कवींचा आश्रयदाता होता, हे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. त्याच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ मात्र फारसा कोणी उघडत नाही. टी. गणपतिशास्त्री यांनी संपादन केलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ च्या सुमारास दोन खंडांत प्रसिद्ध झाला. विषय मुख्यतः वास्तुशास्त्राचा. नगर कसे वसवावे, घर कसे बांधावे याचा. पण त्याचा एकतिसावा अध्याय 'यंत्रविधान' या नावाचा असून तो सर्वस्वी यंत्रांना वाहिलेला आहे.

या अध्यायात यंत्राची जी व्याख्या आहे, तिचा आशय आम्हांस फार मार्मिक वाटतो. पृथ्वी, आप, तेज, वायू ही भूते आपापल्या स्वभावानुसार वाटेल तशी चालत असतात. त्यांना नियमनात आणून आपल्या इच्छित कामास ज्याच्या योगाने लावता येते, ते यंत्र. संगणकाला ही व्याख्या चांगलीच लागू पडते. चिपमध्ये विजेच्या प्रवाहाला असंख्य सूक्ष्म दारांपाशी 'जा' किंवा 'थांब' एवढेच सांगितले जाते. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ या क्रमांकाची चिप विक्रीस आणली, तेव्हा तिच्यात अशी सुमारे २,३०० दारे, म्हणजे ट्रान्झिस्टर, होती. आजच्या उंची मोबाइलच्या एका चिपमध्ये ती एक हजार कोटींहून अधिक असतात. दारे वाढली, नियमनाचे तत्त्व तेच राहिले.

भोजाच्या अध्यायात दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या आहेत, नाचणारे पक्षी आहेत, दाराशी उभे राहून आगंतुकास अडविणारा लाकडी द्वारपाल आहे, आणि पाऱ्याच्या साहाय्याने उडणारा लाकडी पक्षीही आहे. या शेवटच्या वर्णनावरून प्राचीन काळी आपल्याकडे विमाने होती असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. वर्णन असणे निराळे आणि वस्तू असणे निराळे. पण विमानाच्या वादात हा अध्याय अडकून पडल्यामुळे त्यातील खरोखर मोलाचा भाग दुर्लक्षित राहिला, याचे वाईट वाटते. तो भाग म्हणजे उत्तम यंत्राच्या गुणांची यादी.

हे गुण वीस आहेत. त्यांतील काही आजचे यंत्र सहज पार करते. लघुत्व, म्हणजे हलकेपणा, घ्या. शब्दहीनता, म्हणजे आवाज न करणे, घ्या. पंखा नसलेला लॅपटॉप तर श्वासही ऐकू देत नाही. श्लक्ष्णता, म्हणजे गुळगुळीतपणा, हा तर आजच्या मोबाइलचा इतका मोठा गुण झाला आहे की तो हातातून निसटून पडतो आणि मग पडद्याचे पैसे भरावे लागतात! इष्ट वेळी इष्ट कार्य करणे, गती न अडखळणे, यांतही आजचे यंत्र उणे नाही. भोजाने हे यंत्र पाहिले असते तर तो निःसंशय प्रसन्न झाला असता.

पुढे मात्र अडचण येते. यादीत 'अशैथिल्य' आणि 'अगाढता' असे दोन गुण आहेत. यंत्र सैल नसावे आणि ते फार घट्टही नसावे. ग्रंथकाराचा रोख अवयवांच्या हालचालीकडे असावा. आम्ही तो अर्थ थोडा ताणीत आहोत, हे आधीच कबूल करतो. पण ताणूनही तो फाटत नाही. पूर्वीचे संगणक स्क्रूने जोडलेले असत. झाकण काढावे, रॅमची पट्टी बदलावी, झाकण लावावे. आज अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावर कायमची डाखलेली असते आणि बॅटरी डिंकाने चिकटविलेली असते. पहिला गुण राखला गेला, दुसरा विसरला गेला.

याचा अनुभव आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतच घेतला. एका लॅपटॉपची बॅटरी फुगून खालचे झाकण वर आले. (अशी फुगलेली बॅटरी विद्यार्थ्यांनी कधीही टोचू वा दाबू नये, ती पेट घेते.) यंत्र पाच वर्षांचे होते, बाकी सर्व शाबूत. कंपनीच्या दुकानात नेले तेव्हा उत्तर मिळाले, "आता याचे सामान येत नाही, नवाच घ्या." नवा घेण्याइतके पैसे प्रयोगशाळेच्या खात्यात नव्हते. शेवटी देवासच्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी डिंक ऊब देऊन सैल केला, मेळाची बॅटरी बसविली आणि ते म्हणाले, "मास्तर, मशीनला काही झालेलं नव्हतं." हे वाक्य आमच्या मनात घर करून बसले आहे.

भोजाच्या यादीतील 'चिरकालसहत्व', म्हणजे दीर्घकाळ टिकण्याची शक्ती, हा गुण आजच्या विक्रेत्याच्या यादीत सहसा आढळत नाही. बॅटरी झिजावी हा तिचा धर्मच आहे. लिथियमची बॅटरी काही शे वेळा भरली आणि रिकामी झाली की तिची क्षमता उतरतेच. दोष झिजण्यात नसून झिजलेला भाग बदलू न देण्यात आहे. कधी तर भागही झिजलेला नसतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची सुधारणा-सेवा बंद केली. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, ते लोखंडाने तरुण असूनही कागदोपत्री म्हातारे ठरले. त्यांवर लिनक्स घालून अजून पुष्कळ काम घेता येते. पण हे पालकांस दुकानात कोणी सांगत नाही.

आता या अध्यायातील सर्वांत विचार करावयास लावणाऱ्या स्थळाकडे येतो. यंत्रांचे इतके वर्णन करूनही ती कशी जोडावी हे भोज सांगत नाही, आणि न सांगण्याचे कारण स्वतःच देतो. ज्ञान नाही म्हणून नव्हे, तर गुप्तता राहावी म्हणून रचना सांगितली नाही, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. यंत्राची कळ बाहेरून दिसू नये, ही 'अलक्ष्यता' त्याने गुणांतच गणली आहे. राजसभेतील चमत्कार पाहणाऱ्यास चमत्कारच वाटला पाहिजे, हे त्या काळी समजण्यासारखे होते. पण परिणाम काय झाला? यंत्रे करणाऱ्यास परंपरेने आलेले कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, हातकामातील उद्योग आणि बुद्धी, इतक्या गोष्टी हव्यात असे तोच म्हणतो. परंपरा तुटली, उपदेश थांबला, आणि लेखात रचना नव्हती. त्या बाहुल्या आज कोणालाही ग्रंथ वाचून करता येणार नाहीत. धारेस लाट मशिदीजवळ पडलेला लोहस्तंभ पाहावा. तीन तुकडे झालेला, जोडल्यास सुमारे १३ मीटर भरेल असा. लोखंड शतकानुशतके टिकले. घडविणाऱ्यांनी आपली कृती लिहून ठेवलेली मात्र आपल्या हाती आलेली नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण संगणकाच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्याबरोबर विकत मिळणाऱ्या तांत्रिक पुस्तकात त्याच्या विद्युत्-मंडलांचे आराखडे छापलेले होते, यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीची यादीसुद्धा होती. कोणीही जादा पट्टी बनवावी आणि आत खोचावी. ती आज्ञावली नक्कल न करता स्वतंत्रपणे पुन्हा लिहून कॉम्पॅक कंपनीने १९८२ च्या अखेरीस तसाच चालणारा संगणक जाहीर केला, आणि मग अशा संगणकांचा पूरच आला. आयबीएमला याचा तोटा झाला, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही. पुढे २००५ साली तिने हा धंदा लेनोवो कंपनीस विकून टाकला. गुपित राखणारा कारखानदार मूर्ख नसतो. त्याचे हिशेब बरोबर असतात. परंतु गावोगावच्या शाळांत संगणक पोहोचला तो त्या उघड्या झाकणामुळे. इंदुरास सुटे भाग आणून घरी संगणक जुळविणारी मुले आम्ही स्वतः पाहिली आहेत. त्यांना कोणी संगणक शिकविला नव्हता, झाकणाने शिकविला.

झाकण बंद असले की विश्वासही बंद होतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने मान्य केले की, बॅटरी क्षीण झालेल्या जुन्या आयफोनांचा वेग तिची आज्ञावली कमी करीत होती. कारण योग्य होते. तसे न केल्यास यंत्र एकाएकी बंद पडले असते. पण ते ग्राहकास धड सांगितलेले नव्हते. मोबाइल मंदावला म्हणून कित्येकांनी नवा घेतला असेल, आणि हवी होती केवळ नवी बॅटरी. कंपनीने क्षमा मागितली, बॅटरी बदलण्याची किंमत अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली, आणि फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरो दंड भरला. अलक्ष्यता हा गुण कोठे संपतो आणि दोष कोठे सुरू होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे आम्हांस आठवत नाही.

युरोपीय संघाने आता टिकाऊपणास कायद्याचे माप लावले आहे. २० जून २०२५ पासून तेथे बाजारात येणाऱ्या मोबाइलांचे मुख्य सुटे भाग, ते मॉडेल विकणे थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडल्यास, बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ उघडले.

चार्जरच्या बाबतीत तर देवासकरांनी इतरांस उपदेश करावा! एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने, दोन राजे, दोन कारभार १९४८ पर्यंत नांदले. घरोघरी ॲपलचा एक आणि इतरांचा दुसरा असे चार्जर पाहिले की आम्हांस तोच दुहेरी कारभार आठवत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलनेही नव्या आयफोनास सर्वांचा सी-प्रकारचा सॉकेट दिला, तोही युरोपच्या कायद्याची चाहूल लागल्यावर. येथे विलीनीकरण जरा उशिराच झाले.

टाकून दिलेले यंत्र जाते कोठे, हा प्रश्न धार जिल्ह्याने तरी परका मानू नये. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर मागे राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ च्या आरंभी आपल्याच पिथमपुरास आणला गेला आणि लोकांच्या तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी तेथे जाळला गेला. त्या कचऱ्याची आणि जुन्या मोबाइलची जात एक नव्हे. परंतु एका गावाने टाकलेले दुसऱ्या गावाच्या दाराशी येते, हे आपण डोळ्यांनी पाहिले. संगणकात शिसे असते, बॅटरीत लिथियम व कोबाल्ट असते. लॅपटॉप पाचाऐवजी दहा वर्षे चालला तर तेवढे ओझे कोणाच्या तरी दारी निम्म्याने कमी जाते.

तेव्हा लॅपटॉप कोणता घ्यावा, या प्रश्नास आमचे उत्तर असे. दुकानदारास रॅम किती हे विचारण्यापूर्वी ती बदलता येते का, हे विचारावे. बॅटरी स्क्रूने बसविली आहे की डिंकाने, ती पाच वर्षांनी मिळेल का आणि केवढ्यास, हे विचारावे. मोबाइल घेताना आज्ञावलीच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, हे बिलावर लिहून मागावे. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावा. दोनशे ग्रॅम वजन अधिक असले आणि झाकण उघडत असले, तर ते यंत्र आम्ही आमच्या मुलास घेऊ. लघुत्व आणि चिरकालसहत्व यांत निवड करावयाची झाली, तर आमचे मत दुसऱ्याकडे.

शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुना, बंद पडलेला संगणक यंदा मुद्दाम उघडून ठेवला आहे. नववीच्या मुलांनी तो तीन शनिवारी सुटा केला, प्रत्येक भागाचे चित्र काढले आणि कोणता स्क्रू कोठला, हे चित्राशेजारी लिहून ठेवले. पुन्हा जोडल्यावर दोन स्क्रू उरले. ते कोठले याचा शोध चालू आहे.