सडकेकाठची माती

नांदेडहून लातूरला जाणारी सडक लोहा, अहमदपूर या गावांवरून जाते. सडकेला लागून शेते आहेत, घरे आहेत. पोरे तिथेच मातीत खेळतात. अशा मातीत शिसे असू शकते.

ते आले कुठून? पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालत. धुराबरोबर ते बाहेर पडे आणि कडेच्या मातीवर बसे. आपल्या देशात सन २००० मध्ये तसे पेट्रोल बंद झाले. पण शिसे सडत नाही, जळतही नाही. ते वरच्या थरात राहते. जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथली माती तर फारच वाईट.

शिसे पोटात गेले, की लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. रक्त कमी होते. डोळ्यांना मात्र काही दिसत नाही. म्हणून माती तपासावी.

सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. त्यांत शिसे नाही. ते प्रयोगशाळेत वेगळे सांगावे लागते. पाच-सहा जागची वरची दोन बोटे माती घ्या. ती मिसळा, सावलीत वाळवा, स्वच्छ पिशवीत भरा. गाव, जागा, तारीख यांची चिठ्ठी लावा. आता आपल्याला लिहिता येते!

माती खणून टाकायची असेल, तर आणखी एक परीक्षा असते. माती आंबट पाण्यात घुसळतात. एका लिटरमध्ये ५ मिलिग्रॅम शिसे उतरले, की सन २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा. तो कुठेही टाकता येत नाही.

आम्ही एवढेच सांगतो: जेवणाआधी पोरांचे हात धुवा. सडकेलगत पालेभाजी लावू नका. अंगणात बॅटरी फोडू नका.

सांगा पाहू: पेट्रोल बदलले, तरी मातीत शिसे का राहिले?