सड, बुरशी आणि लसणाचे पाणी : कोठीतला एक पाठ

आठवडी बाजार उठताना दिसणारे दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. दिवस कलला की भाजी विकणाऱ्या बाया डाल्यातील माल निवडू लागतात. चांगली भेद्रे एका बाजूला, डागाळलेली दुसऱ्या बाजूला, आणि सडलेली तेथेच टाकून दिली जातात. माझी आई असाच बाजार करीत असे. मळ्यावरून उधारीवर उचललेला माल त्याच दिवशी विकला गेला नाही, तर दोन दिवसांत त्यातला काही भाग हमखास सडे. उधारी मात्र संपूर्ण मालाची फेडावी लागे. सडीचे नुकसान शेवटी कोणाच्या पदरात पडते, हे इतिहासाच्या पुस्तकाआधी मला त्या डाल्याने शिकविले.

आज आपल्या वसतिगृहाच्या कोठीत भाजी निवडताना विद्यार्थी तोच प्रश्न विचारतात : काल चांगले असलेले फळ आज का सडले? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर एका पाठाच्या रूपाने मांडीत आहे.

प्रथम कारण पाहू. सड हे ‘हवा लागल्याचे’ किंवा नशिबाचे फळ नव्हे. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने मेली. त्या काळी अनेक विद्वान मानीत की पीक आधी कुजते आणि कुजण्यातून बुरशी जन्मते. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६१ च्या सुमारास प्रयोगाने उलट क्रम सिद्ध केला : बुरशीसारखा सूक्ष्म जीव आधी येतो, कुजणे नंतर. कारण गवसले म्हणून उपाय शोधता आला. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण आपण रोज उच्चारतो. विज्ञानाची वाटही तीच आहे.

भाजीवरील बुरशी अनेक प्रकारची असते. भेद्रावर देठाजवळ काळा, खोलगट डाग पडतो, तो अल्टरनेरियाचा. ज्या बुरशीमुळे फळ पाणी सुटून लिबलिबीत होते आणि शेजारच्या फळावरही पांढरे तंतू चढतात, ती रायझोपस. कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी भुकटी दिसते, ती अ‍ॅस्परजिलस. मिरचीवर गोल डाग पाडणारी कोलेटोट्रायकम. या बुरशींचे बीजाणू हवेत, मातीत आणि जुन्या डाल्यात सदैव असतात. अनेकदा त्यांना आत शिरायला जखम हवी, रुजायला ओल हवी आणि वाढायला ऊब हवी. म्हणून आपटलेले फळ आधी सडते, आणि ओली भाजी पोत्यात बांधली की सड वेगाने पसरते.

आता वनस्पतींकडे वळू. झाडाला पळता येत नाही; बुरशीशी त्याला जागच्या जागी लढावे लागते. त्यासाठी अनेक वनस्पती स्वतःच्या देहात रसायने तयार करतात. लसणाची पाकळी ठेचली की तिच्यातील दोन घटक एकत्र येऊन अ‍ॅलिसिन बनते. उग्र वास त्याचाच. अखंड पाकळीत ते नसते आणि उकळल्यास ते बनतच नाही. म्हणून लसूण ठेचावा, शिजवू नये. तुळस व लवंग यांत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, हळदीत कुर्कुमिन असते.

वनस्पतींचे हे गुण आपल्या परंपरेला अपरिचित नाहीत. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक हे औषधांचे प्रकरण आहे. त्यात भिक्खूंसाठी हळद, आले व वेखंड ही मुळे आणि कडुनिंब व कुडा यांचे काढे सांगितले आहेत. त्याच ग्रंथात जीवकाची कथा येते. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. त्याला एकही सापडली नाही. अर्थात ही औषधे माणसांच्या आजारांसाठी होती, भाजीच्या सडीसाठी नव्हे. प्राचीन ग्रंथात नाव आले म्हणून उपाय सिद्ध होत नाही. कालामांना तथागतांनी परंपरेवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असेच सांगितले होते.

पारखण्याची शास्त्रीय रीत अशी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. अशा विद्यापीठांच्या वनस्पती रोगशास्त्र विभागांत बटाट्याच्या सत्त्वाचे माध्यम काचेच्या बशीत ओततात, त्यात वनस्पतीचा अर्क मिसळतात आणि मधोमध बुरशीचा तुकडा ठेवतात. शेजारी अर्काविना तशीच दुसरी बशी असते. काही दिवसांनी दोहोंतील वाढ मोजून फरक काढतात. ही दुसरी बशीच प्रयोगाचा प्राण आहे.

हाच प्रयोग आपल्या घरी करता येईल. एकसारखी, न फुटलेली साठ भेद्रे घ्यावीत आणि वीस-वीसचे तीन भाग करावेत. पहिला भाग तसाच ठेवावा. दुसरा साध्या स्वच्छ पाण्यात पाच मिनिटे बुडवावा. तिसऱ्यासाठी ५० ग्रॅम लसूण ठेचून एक लीटर पाण्यात कालवावा, गाळावा आणि त्या ताज्या पाण्यात फळे तेवढाच वेळ बुडवावीत. दोन्ही भाग सावलीत पूर्ण कोरडे करून तिन्ही भाग वेगवेगळ्या टोपल्यांत, एकाच खोलीत ठेवावेत. सात दिवस रोज सडलेली फळे मोजून तारखेसह वहीत लिहावीत आणि काढून टाकावीत. साध्या पाण्याची टोपली वगळू नये. नाहीतर फरक लसणाने पडला की नुसत्या धुण्याने, हे कळणार नाही. मग तुळशीच्या पानांचा अर्क घेऊन पुन्हा पाहावे.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. बशीत यशस्वी ठरलेला अर्क टोपलीत तितकाच चालेल असे नाही. पानाचे वय, ऋतू आणि जमीन यांप्रमाणे त्याची शक्ती बदलते, आणि ती लवकर ओसरते. आत शिरलेली सड त्याने बरी होत नाही. कांदा तर बुडवूच नये. तो माना सुकेपर्यंत वाळवून हवेशीर चाळीत ठेवावा. आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. धोतरा, रुई, कण्हेर यांचा अर्क खाण्याच्या भाजीला कधीही लावू नये.

मग हा खटाटोप कशासाठी? २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीचा पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो. शेतातील पिकाला निदान ऊन-वारा आणि दिवस मिळतात. काढणीनंतर भाजीला लावलेले विष मात्र थेट ताटात येते. म्हणून शक्य तेथे सौम्य उपाय शोधणे हा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

शेवटी इतिहासातील एक गोष्ट. कडुनिंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर १९९४ मध्ये युरोपात एक अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना पेटंट मिळाले. त्याला आव्हान देण्यात आले. पुण्यातील एका उद्योजकाने आपण हे आधीपासून करीत होतो, अशी साक्ष दिली. १० मे २००० रोजी ते पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी त्यावरील अपीलही फेटाळले गेले. आमच्या आजीला ठाऊक होते, एवढे म्हणून भागत नाही. कोणी, कोठे, केव्हा केले, याचा पुरावा लागतो. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्याने हे विशेष ध्यानी घ्यावे.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती, की हा प्रयोग घरी मुलांकडून करवून घ्यावा आणि ती वही शाळेत पाठवावी. लसूण निष्फळ ठरला, तर तसेच लिहावे. तेही ज्ञानच आहे. माझ्या आईला लिहिता येत नव्हते. तिच्या डाल्यात दर बाजारी किती भेद्रे सडली, याचा हिशेब कोठेच उरला नाही. तुमच्या मुलांच्या वहीत तो उरावा.

जयभीम!