शाळेच्या बागेतील टोमॅटो : पिवळ्या पानांची परीक्षा

टोमॅटोचे पान पिवळे दिसताच पाणी घालण्याची घाई करू नये. शिक्षकांनी मुलांना प्रथम विचारावे, 'पिवळेपणा कोठून सुरू झाला?' खालची जुनी पाने सारखी पिवळी पडत असल्यास बहुधा नत्राची उणीव असते. चांगले कुजलेले शेणखत द्यावे. कोवळी पाने पिवळी, परंतु शिरा हिरव्या असल्यास लोहाची उणीव समजून हिराकशीचे सौम्य द्रावण फवारावे. वाफा सतत ओला असल्यास पाणी थांबवून निचरा करावा. पाने आखडून वर वळली, तर तो बहुधा पांढरी माशी पसरविते तो विषाणुरोग होय. त्यावर औषध नाही, रोप उपटून जाळावे. जुनी पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही. म्हणून उपायाची परीक्षा नव्या पालवीवरून मुलांकडून करवून घ्यावी व वहीत नोंदवावी.